व्हायरल लोड ‘शून्य’, मग मेंदूभोवतीच्या पाण्यात हालचाल कसली?

एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावरून, व्हायरल लोडचा (विषाणूच्या प्रमाणाचा) रिपोर्ट येतो, त्यावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं छापलेलं असतं, आणि माणूस मोकळा श्वास घेतो. घ्यायलाच हवा. गोळी नेमाने घेतल्याचं ते फळ असतं. असा माणूस लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही देत नाही, हेही आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण तो रिपोर्ट रक्ताचा असतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात असतात त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. काही संशोधक गेली तीसेक वर्षं तो मांडत आले आहेत, आणि त्यांना पुन्हापुन्हा एकच गोष्ट दिसते: रक्तात विषाणू दबला तरी मेंदूच्या हद्दीतली प्रतिकारशक्ती कित्येकांमध्ये पुरती शांत होत नाही. तिच्या खुणा त्या पाण्यात उरतात.

या खुणा खऱ्या आहेत. पण त्यांचा अर्थ लावताना घाई केली की नसती भीती पसरते, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे पाणी. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, पेशंट पाठीतलं पाणी म्हणतात. मोठ्या माणसात ते साधारण दीडशे मिली असतं, आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवीन तयार होतं. म्हणजे दिवसातून तीन-चारदा सगळं पाणी बदललं जातं. मेंदूच्या पेशींनी सोडलेले पदार्थ त्यात उतरतात, म्हणून मेंदूत काय चाललंय याचा अंदाज त्यावरून घेता येतो. तांदूळ धुतलेलं पाणी बघून तांदूळ जुना की नवा, कोंडा किती, कीड लागलीय का, हे बरंचसं कळतं. भात मोकळा होईल की गिचका, हे मात्र त्या पाण्यात दिसत नाही. सीएसएफची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे, आणि पुढचं सगळं वाचताना ती ध्यानात ठेवलेली बरी.

पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त घाबरतात. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ हे वाक्य वॉर्डात हमखास कानावर येतं. प्रत्यक्षात काय करतात? पेशंटला कुशीवर निजवतात, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. मग डॉक्टर कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा बोटांनी चाचपतात. त्या कडा जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीत, जागा बधिर करून, बारीक सुई घालतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. सुई जिथे जाते तिथे पाण्यात सुट्या नसा तरंगत असतात आणि त्या सहसा बाजूला सरकतात. पाणी सिरिंजने ओढत नाहीत, थेंबथेंब आपसूक नळीत पडू देतात. ते नितळ, अगदी पिण्याच्या पाण्यासारखं दिसायला हवं. नंतर काहींचं डोकं काही दिवस दुखतं, उठून बसल्यावर जास्त. मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असण्याची शंका असली तर आधी सीटी करून बघतात, कारण तेव्हा पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं. लुळेपणा जो येतो तो बहुतेक वेळा ज्या आजारासाठी पाणी काढलं त्या आजाराचा असतो, खापर मात्र सुईवर फुटतं.

आता विषाणू. एचआयव्ही मेंदूत फार उशिरा, आजार बळावल्यावर पोचतो अशी एक समजूत आहे. बँकॉकमध्ये अगदी ताज्या लागणीच्या लोकांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लागण झाल्याच्या अंदाजे आठव्या दिवशीच एकाच्या सीएसएफमध्ये विषाणू सापडला होता. म्हणजे बऱ्याचदा माणसाला ताप यायच्या आधीच तो तिथे पोचलेला असतो. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी एरवीही मेंदूच्या हद्दीत ये-जा करतात, त्यांच्यातूनच तो आत शिरतो.

आत गेल्यावर तो मेंदूच्या विचार करणाऱ्या पेशींना, म्हणजे न्यूरॉनना, जवळपास हातच लावत नाही. तो राहतो मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये. मग न्यूरॉन का मरतात? कारण या चवताळलेल्या पेशी जी रसायनं सोडतात ती शेजारच्या न्यूरॉनना बाधतात. मेंदूचं नुकसान बऱ्याच अंशी विषाणूपेक्षा त्याच्याविरुद्धच्या लढाईतून होतं. म्हणूनच विषाणू मोजणं पुरत नाही, लढाईही मोजावी लागते.

ती मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली खूण म्हणजे निओप्टेरिन. हा एक अगदी छोटा रेणू आहे. टी पेशींना (या प्रतिकारशक्तीच्याच एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विषाणूचा सुगावा लागला की त्या गॅमा इंटरफेरॉन नावाचं संदेशाचं प्रथिन सोडतात. तो संदेश मॅक्रोफेजला पोचला की त्याच्या आत एक एन्झाइम जागं होतं आणि त्या साखळीत निओप्टेरिन बनून बाहेर पडतं. ते कुणाला मारत नाही, कुणाला बोलावत नाही. पण ते बाहेर पडलंय याचा अर्थ मॅक्रोफेज कामाला लागलेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांना विषाणूजन्य आजार आणि कॅन्सरच्या रुग्णांच्या लघवीत ते वाढलेलं दिसलं, आणि पुढे त्या देशात रक्तदात्यांच्या रक्तातही निओप्टेरिन तपासायला लागले: कोणता का असेना, एखादा संसर्ग मुरतोय का, हे बघायला. आणखी एक गंमत. माणूस आणि माकडांच्या कुळाबाहेर ते फारसं बनतच नाही. प्रयोगशाळेतला उंदीर इथे काही उपयोगाचा नाही, त्यामुळे माहिती जमली ती माणसांनी स्वखुशीने पाठ पुढे केल्यामुळेच.

नमुना घेताना आणखी एक काळजी. निओप्टेरिन उजेडाने खराब होतं, म्हणून नळी अंधारात किंवा चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात. नळी उघडी राहिली तर रिपोर्ट खोटाच कमी येणार.

आकडे बघू. सीएसएफमध्ये लिटरमागे ५.८ नॅनोमोल ही वरची मर्यादा बऱ्याच अभ्यासांनी धरली आहे. एचआयव्हीवर उपचार सुरू नसलेल्या जवळपास प्रत्येकाचा आकडा त्याच्या वर जातो, डोकं ठणठणीत चालत असलं तरीही. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्या टी पेशी संपवतो त्यांची मोजणी, जसजसं घसरतं तसतसा तो आणखी चढतो. एचआयव्हीमुळे होणाऱ्या डिमेन्शियात, म्हणजे विचारशक्ती ढासळण्याच्या आजारात, तो कित्येक पटींनी वाढलेला असतो. रक्तातलं निओप्टेरिन सीएसएफमध्ये फारसं उतरत नाही, त्यामुळे पाण्यातला आकडा रक्ताच्याही वर गेला तर ते तिथेच, मेंदूच्या आसपास तयार होतंय असं धरतात.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ही जुनी खूण. पेशी जाग्या झाल्या की त्यांच्या अंगावरून ती सुटते. सीएक्ससीएल१० हे टी पेशींना ‘इकडे या’ म्हणणारं रसायन, पाण्यातल्या विषाणूच्या प्रमाणाबरोबर चढतं-उतरतं. सीसीएल२ मोनोसाइटना, म्हणजे रक्तातल्या पुढे मॅक्रोफेज होणाऱ्या पेशींना, ओढून आणतं. सीडी१६३चा विरघळलेला तुकडा मॅक्रोफेजकडून येतो. आणि अगदी साधी, कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी खूण म्हणजे पांढऱ्या पेशींची मोजणी. एका मायक्रोलिटरमध्ये पाचपर्यंत ठीक, त्यावर गेल्या तर काहीतरी चाललंय.

क्विनोलिनिक अॅसिड मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण ते नुसती खूण नाही, गुन्हेगारही आहे. जो गॅमा इंटरफेरॉन निओप्टेरिन बनवायला लावतो तोच ट्रिप्टोफॅन मोडणारं एन्झाइमही चालू करतो. ट्रिप्टोफॅन आपल्याला डाळी, दूध, अंडी यांतून मिळतं, आणि मेंदू त्यातून सेरोटोनिन बनवतो. ते मोडलं की साखळीच्या एका टोकाला क्विनोलिनिक अॅसिड तयार होतं, आणि ते जास्त झालं तर न्यूरॉनना अति उत्तेजित करून मारतं. लढाईतून नुकसान कसं होतं, याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं नाही.

१९८६मध्ये न्यूयॉर्कच्या न्यूरॉलॉजिस्टांनी एड्समधल्या डिमेन्शियाचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा एड्सच्या वॉर्डात तो नेहमी दिसणारा आजार होता. माणूस आधी मंदावायचा, बोलणं कमी व्हायचं, पाय अडखळायचे, शेवटी अंथरुणाला खिळायचा. १९९६च्या सुमाराला तीन औषधांचे एकत्र उपचार आले आणि हे चित्र झपाट्याने विरळ झालं. सीएसएफमधलं निओप्टेरिनही उपचारांनी चांगलंच खाली येतं.

पण सगळ्यांचं मर्यादेच्या आत येत नाही. स्वीडनमधल्या योटेबोरीच्या संशोधकांनी २००७मध्ये, चार वर्षांहून जास्त काळ परिणामकारक उपचार घेत असलेले लोक तपासले. रक्तात विषाणू दबलेला, तब्येत उत्तम, आणि तरी काहींच्या पाण्यात निओप्टेरिन थोडं वर. पुढच्या अभ्यासांतही हेच दिसत आलं. ही वाढ उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत किरकोळ आहे, हे ठासून सांगायला हवं.

ही उरलेली धुसफूस कशामुळे, यावर मतं वेगवेगळी आहेत. एक मत असं की मायक्रोग्लिया फार दीर्घायुषी असतात, विषाणू त्यांच्यात नव्या प्रती न काढताही अधूनमधून थोडी प्रथिनं सोडत राहतो, आणि आजूबाजूच्या पेशी त्याला उत्तर देतात. दुसरं मत आतड्याकडे बोट दाखवतं: लागणीच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि साऱ्या शरीराचीच प्रतिकारशक्ती जरा ताणलेली राहते. मला दोन्ही थोडी-थोडी खरी वाटतात. विषाणूच जबाबदार असेल तर आणखी औषध दिल्यावर आकडा उतरायला हवा, म्हणून चालू उपचारात जादा औषध घालून पाहिलं. काही फरक पडला नाही. मिनोसायक्लिन हे दाह कमी करणारं अँटिबायोटिक युगांडा आणि अमेरिकेत देऊन पाहिलं, विचारशक्तीत सुधारणा झाली नाही. उलट, गोळ्या थांबवल्या तर पाण्यात विषाणू परततो आणि त्याच्यामागोमाग निओप्टेरिनही चढतं, हे मात्र स्पष्ट दिसलेलं आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ‘मला हल्ली नावं आठवत नाहीत, मी पाणी काढून निओप्टेरिन तपासून घेऊ का?’ माझं उत्तर साफ नाही असं आहे. या खुणा शंभर लोकांच्या गटाबद्दल चांगलं बोलतात, एका माणसाबद्दल वाईट. ज्यांचं डोकं नीट चालतं आणि ज्यांचं थोडं अडखळतं, त्या दोन गटांचे आकडे उपचार चालू असताना एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सातचा आकडा हातात घेऊन तुम्ही कोणत्या गटातले हे कुणीही सांगू शकत नाही. शिवाय निओप्टेरिनला एचआयव्ही तेवढा कळतो असं नाही. ते टीबीत वाढतं, न्यूरोसिफिलिसमध्ये (मेंदूत पोचलेल्या सिफिलिसमध्ये) वाढतं, मेंदूच्या लिम्फोमा या कॅन्सरमध्ये वाढतं, वयानुसारही थोडं वाढतं. आणि आकडा वाढलेला निघाला तरी तो उतरवण्यासाठी द्यायला वेगळं औषध नाही. विसरभोळेपणाची कारणं जवळ शोधावीत: झोप, नैराश्य, दारू, थायरॉइड, बी१२. बी१२ तर शाकाहारी घरांत सर्रास कमी निघतं, आणि ते इंजेक्शनने भरूनही निघतं.

आपल्या सरकारी दवाखान्यांत निओप्टेरिन कुणी मागवत नाही. तिथे प्रतिकारशक्तीची जी खूण रोज मागवली जाते ती एडीए. टी पेशी जोरात वाढू लागल्या की हे एन्झाइम वाढतं, म्हणून टीबीच्या मेंदूज्वराची शंका आली की सीएसएफच्या कागदावर प्रोटीन, शुगर, पेशी यांच्याबरोबर एडीए लिहिलेलं असतंच. आकडा दहाच्या वर असला की टीबीकडे झुकायचं, असा सर्वसाधारण प्रघात. पण एचआयव्ही असलेल्या माणसात एवढ्यावर भागत नाही. क्रिप्टोकॉकस या बुरशीने किंवा लिम्फोमानेही एडीए चढू शकतं, आणि टीबी असूनही ते कमी निघू शकतं. त्यामुळे सोबत सीबीनॅट ही टीबीचा जंतू शोधणारी चाचणी आणि बुरशीची अँटिजेन चाचणी हवीच.

क्रिप्टोकॉकसची गोष्ट निघालीच आहे तर इथपर्यंतचं सगळं उलटं करणारा एक अभ्यास सांगायलाच हवा. खुणा वाढलेल्या म्हणजे वाईट, असं आतापर्यंत वाटलं असेल. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर झालेल्या १७७ एचआयव्हीबाधितांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१४मध्ये आले. निम्म्यांना एआरटी पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू केली, बाकीच्यांना पाच आठवड्यांच्या सुमारास. सहा महिन्यांत लवकर सुरू केलेल्या गटात ४५ टक्के दगावले, थांबलेल्या गटात ३० टक्के. आणि लवकर औषध दिल्याचा फटका सर्वांत जास्त बसला तो ज्यांच्या सीएसएफमध्ये पांढऱ्या पेशी पाचपेक्षा कमी होत्या त्यांना. बुरशी भरपूर, आणि प्रतिकारशक्तीचा मागमूस नाही, असं त्यांचं पाणी होतं. तिथे ती शांतता म्हणजे शक्तीच संपलेली होती. अशा शरीरात एआरटीने प्रतिकारशक्ती एकदम उठली की ती साचलेल्या बुरशीवर तुटून पडते, आणि कवटीच्या बंद जागेत ती सूज झेपत नाही. म्हणून आता आधी बुरशीचं औषध आणि चार ते सहा आठवड्यांनी एआरटी असा क्रम ठेवतात. टीबीच्या मेंदूज्वरातही एआरटी सुरू करायला काही आठवडे थांबतात. ‘एचआयव्ही निघाला तरी गोळ्या लगेच का देत नाहीत’ म्हणून नातेवाईक डॉक्टरांशी भांडतात, त्यांना हे कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

भारताचा आणखी एक धागा. आपल्याकडचा विषाणू जवळजवळ सगळा सी उपप्रकाराचा, अमेरिका-युरोपातला मुख्यतः बी. विषाणूचं टॅट नावाचं एक प्रथिन मोनोसाइटना ओढून घेतं, आणि त्या कामासाठी त्यातली शेजारशेजारची दोन सिस्टीन (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, अमिनो अॅसिड) लागतात. सी उपप्रकारात बहुतेकदा त्यातलं दुसरं सिस्टीन नसतं, आणि त्याचं टॅट मोनोसाइटना ओढण्यात कमी पडतं, असं बेंगळुरूच्या संशोधकांनी २००४मध्ये दाखवलं. भारतात एचआयव्हीचा पुरता डिमेन्शिया कमी नोंदला गेला याच्याशी हे जुळतं. पण त्यावरून ‘आपला विषाणू मेंदूला सौम्य’ असं म्हणू नये. विचारशक्तीच्या बारीक चाचण्या घेतल्या तेव्हा भारतीय रुग्णांतही अडखळणारे बरेच निघाले.

मग एचआयव्ही दबलेल्या माणसाचं पाणी कधी काढावं? एक प्रसंग असा आहे की ज्यात त्याने उपचार खरोखर बदलतो. रक्तात विषाणू सापडत नाही, पण सीएसएफमध्ये सापडतो. याला एस्केप म्हणतात. स्वीडनच्याच एका पाहणीत, कुठलाही त्रास नसलेल्या ६९ जणांपैकी ७ जणांच्या पाण्यात तो थोड्या प्रमाणात दिसला, आणि अशा बहुतेकांना काही होत नाही. त्रास देणारा एस्केप वेगळा. पश्चिम भारतातल्या रुग्णांवरचा असा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक येतात ते हळूहळू वाढणारी डोकेदुखी, तोल जाणं, फिट, वागण्यातला बदल घेऊन. बरेच जण दुसऱ्या फळीच्या, अॅटाझानाविर-रिटोनाविर असलेल्या औषधांवर असतात, ज्यांचा मेंदूकडे शिरकाव कमी. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजलेला दिसतो, पाण्यात पेशी आणि प्रोटीन वाढलेलं असतं. टीबी आणि बुरशी नाही म्हटल्यावर तपास अनेकदा तिथेच थांबतो, कारण रक्ताचा व्हायरल लोड ‘शून्य’ असतो आणि एचआयव्हीचा संशय कुणालाच येत नाही. त्याच नळीतल्या उरलेल्या पाण्याचा व्हायरल लोड केला तर तो निघतो. शक्य असेल तिथे कोणत्या औषधांना तो दाद देत नाही हेही तपासतात, मेंदूत चांगली पोचणारी औषधं देतात, आणि बऱ्याच जणांचं चालणं-बोलणं सुधारतं. त्यामुळे एआरटीवर असलेल्या माणसाला असा त्रास सुरू झाला आणि पाणी काढायचं ठरलं, तर नमुना लॅबला जाण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: ‘यात सीएसएफचा व्हायरल लोडही लिहिलाय ना?’